पाया : भार पेलणारा, भार वाटणारा

कोणत्याही इमारतीकडे पाहताना आपली नजर तिच्या उंचीकडे जाते. पाया दिसत नाही, म्हणून त्याचा विचारही क्वचितच होतो. वस्तुतः भिंती, छत, सामान आणि माणसे या सर्वांचा भार अखेर जमिनीवरच येतो. तिला सोसेल अशा रीतीने तो तिच्यापर्यंत पोहोचविणे, हे पायाचे कार्य होय.

चिखलातून चालताना पाय रुततो. त्याच चिखलावर रुंद फळी टाकली, तर आपण सहज पलीकडे जातो. आपले वजन कमी झालेले नसते. ते अधिक जागेवर पसरलेले असते. समजा, एका खांबावर ६० टन भार आहे. तो १ चौरस मीटर जागेवर टेकला, तर तेवढ्या जागेला ६० टन सोसावे लागतात. त्याखाली २ मीटर लांब व २ मीटर रुंद पाया घातला, तर प्रत्येक चौरस मीटरवर १५ टनच येतात.

जमीन कठीण असेल, तर प्रत्येक खांबाखाली असा स्वतंत्र पाया पुरतो. जमीन मऊ आणि भार मोठा असला, की हे पाये रुंद होत होत एकमेकांना भिडू लागतात. अशा वेळी संपूर्ण इमारतीखाली सळया घातलेल्या काँक्रीटचा एकच जाड थर ओततात. तराफ्याप्रमाणे तो सर्व भार एकत्र पेलतो, म्हणून त्याला ‘तराफा पाया’ म्हणतात. एखाद्या ठिकाणी जमीन कच्ची निघाली, तरी भार आजूबाजूला वाटला जातो आणि एकच खांब खचून भिंतींना तडे जाण्याचा धोका कमी होतो.

मात्र एवढ्याने चिंता मिटत नाही. कॅनडातील विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथे १९१३ मध्ये धान्याचे प्रचंड कोठार बांधून झाले. ६५ गोल कोठ्यांची ही इमारत सुमारे ६० सेंटीमीटर जाडीच्या तराफा पायावर उभी होती. जमिनीची चाचणी झाली होती, परंतु ती वरच्या थरापुरती. धान्य भरत असताना १८ ऑक्टोबर १९१३ रोजी कोठार खचू लागले आणि एका दिवसात सुमारे २७ अंशांनी कलले. तरीही कोठ्या बहुतांशी अभंग राहिल्या! दोष बांधकामाचा नव्हता. वरच्या घट्ट मातीखालील मऊ चिकणमातीला तो भार सोसला नाही. पुढे खोल कठीण थरापर्यंत आधार उतरवून कोठार सरळ करण्यात आले.

यातून महत्त्वाची गोष्ट समजते. पाया जितका रुंद, तितका त्याच्या भाराचा परिणाम खोलवर पोहोचतो. म्हणून रुंद पायासाठी खोल थरांतील मातीचे नमुनेही तपासावे लागतात.

महाराष्ट्रातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तेथे मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया खोदण्याची रीत आहे. घर बांधून घेणाऱ्याने ‘खाली जमीन कशी आहे?’ हे आधी विचारावे. पाया खोदणाऱ्यानेही मातीचा रंग बदलला, पाणी लागले किंवा पहार सहज आत गेली, तर ते वेळीच सांगावे. त्या एका सूचनेवर पुढे कित्येकांचे जीव सुरक्षित राहतात.

पाठगत प्रश्न
१. फळीच्या उदाहरणातून पायाचे कोणते कार्य स्पष्ट होते?
२. तराफा पाया केव्हा घालतात?
३. ट्रान्सकोना येथील कोठार का कलले?