आधी सहा प्रश्न, मग भाव: दुकानात बीएमडब्ल्यू, ऑडी आली तर टायर कसा निवडून द्यायचा?



आपल्याकडं टायरचं दुकान म्हटलं की ट्रॅक्टर, ट्रक, पिकअप आणि साध्या कार. पण आता नांदेड-लातूरला मोंढ्यातले आडते, डॉक्टर, क्लासवाले सर, गुत्तेदार यांच्या दारात बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, ऑडी ए फोर, मर्सिडीज सी क्लास, स्कोडा ऑक्टेव्हिया अशा गाड्या दिसतात. मराठवाड्याला ही हौस नवी नाही. २०१० साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, लोकांनी एकत्र येऊन एकाच सौद्यात शंभराहून जास्त मर्सिडीज घेतल्या होत्या. देशभर त्याची चर्चा झाली.

गाडी इथली, मालक इथला. पण टायर बदलायची वेळ आली की गाडी हैदराबाद नाहीतर पुण्याची वाट धरते. का? कारण आपला दुकानदार पहिल्याच मिनिटाला भाव सांगतो. "साहेब, हा पंधरा हजाराला, तो अठराला. बोला." अहो, भाव तर त्याला मोबाइलवरही दिसतो. त्याला पाहिजे असतो सल्ला. तो मिळाला नाही की गिऱ्हाईक गेलं.

आणि गोष्ट फक्त गिऱ्हाइकाची नाही. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून नागपूर-मुंबई सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला आहे. कारला तिथं ताशी १२० ची मर्यादा. आपली माणसं जालन्याहून समृद्धीवर चढतात, मे महिन्यात, ४२ अंशांत, मागच्या सीटवर लेकरंबाळं. त्या वेळी गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तुम्ही दिलेले चार टायर असतात. म्हणून आजचा धडा एका ओळीत: आधी सहा प्रश्न, मग भाव.

प्रश्न १: गाडीच्या स्टिकरवर काय लिहिलंय?

जुन्या टायरवरचा आकार बघून माल काढू नका. आधीच्या कुणी चुकीचा बसवला असेल तर तीच चूक तुम्ही पुढं न्याल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीचं स्टिकर असतं. तिथं आकार आणि हवेचा दाब दिलेला असतो. लोड आणि स्पीडचा कोड तिथं नसेल तर गाडीच्या पुस्तकात बघा.

उदाहरण घेऊ: २२५/४५ आर १८ ९५ डब्ल्यू. २२५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे जवळपास १०१ मिलिमीटर. १८ म्हणजे रिमचे इंच. ९५ हा वजनाचा कोड, एका टायरला ६९० किलो. डब्ल्यू हा वेगाचा कोड, ताशी २७० पर्यंत. व्ही म्हणजे २४०, वाय म्हणजे ३००.

इथं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "भाऊ, आपण कुठं २७० नं पळवायलो? स्वस्तातला द्या की." उत्तर पाठ करून ठेवा: "साहेब, हा कोड नुसत्या वेगाचा नाही, टायर किती उष्णता सहन करतो त्याचाही आहे. आपल्याकडं उष्णता किती, तुम्हाला माहितीच आहे." वजनाचंही तसंच. ९५ च्या जागी ९१ बसवला तर एका टायरमागं ६९० चे ६१५ किलो होतात, ७५ किलोची ताकद कमी. कंपनीनं सांगितलेल्या कोडच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर चालतं.

बऱ्याच स्पोर्टी गाड्यांना पुढचा आणि मागचा आकार वेगळा असतो, तेही स्टिकरवर बघा. काही टायरवर बीएमडब्ल्यूचा स्टार, मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, तो टायर त्या कंपनीनं आपल्या गाडीसाठी तपासून घेतलाय. मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आकार, लोड आणि स्पीड जुळणारा चांगल्या कंपनीचा टायर चालतो, फक्त चारही चाकांना एकाच जातीचा घ्या.

प्रश्न २: गाडी जास्त कुठं पळते?

नांदेड-लातूर साधारण १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. हायवेला गाडी मस्त पळते, पण गावात शिरलं की स्पीड ब्रेकर, खड्डे, फुटलेल्या कडा. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर आणतात, तिच्यावर गाडी साबणासारखी घसरते.

म्हणून विचारा: महिन्यात किती दिवस लांबचा प्रवास? किती दिवस गावातल्या गावात? स्वतः चालवता की ड्रायव्हर? गाडी जोरात वळवायची हौस आहे, की आवाज कमी आणि बसायला मऊ पाहिजे?

चांगल्या कंपन्यांकडं ढोबळमानानं दोन जाती असतात. एक स्पोर्ट: पकड जास्त, पण झिजतो लवकर आणि बाजू कडक. दुसरी आरामाची: आवाज कमी, जास्त टिकतो, धक्के कमी. मिशलिनमध्ये पायलट स्पोर्ट आणि प्रायमसी, कॉन्टिनेन्टलमध्ये मॅक्सकॉन्टॅक्ट आणि अल्ट्राकॉन्टॅक्ट, अशा जोड्या लक्षात ठेवा. आपल्या भागातल्या बहुतेक मालकांना दुसरी जात जास्त सोयीची पडते. पण ते तुम्ही ठरवू नका, त्याच्या उत्तरांवरून दोघांनी मिळून ठरवा.

प्रश्न ३: रनफ्लॅट आहे का?

बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर येतो. हवा पूर्ण गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालवता येतो. आता आपल्या रस्त्याचा हिशेब करा. नांदेड-लातूरच्या मधोमध पंक्चर झालं तरी दोन्हीपैकी एक शहर ७० किलोमीटरच्या आत आहे. रात्री बायको-मुलं सोबत असताना रस्त्याच्या कडेला थांबावं लागत नाही, ही मोठी गोष्ट.

तोटेही सांगा. महाग असतो, बाजू कडक म्हणून खड्डा जास्त जाणवतो, आणि हवा नसताना चालवलेला टायर सहसा दुरुस्त न करता बदलावाच लागतो. गिऱ्हाईक साधा टायर मागत असेल तर चारही साधे द्या. दोन रनफ्लॅट, दोन साधे असली खिचडी नको. सोबत पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप घ्यायला सांगा, कारण अशा गाडीत स्टेपनी असेलच असं नाही.

प्रश्न ४: दोन बदलायचे की चार?

आधी मोजा. नक्षीच्या खाचेत १.६ मिलिमीटरच्या उंचीची छोटी पट्टी असते. नक्षी तिथपर्यंत घासली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरलाच बदलायचा सल्ला द्या, कारण पाणी बाहेर काढायचं काम त्या खाचा करतात.

दोनच बदलायचे असतील आणि चारही चाकांचा आकार एक असेल तर नवे टायर मागं बसवा. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं अवघड. गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल, जसं ऑडीची क्वाट्रो, तर चारही टायर एकदम बदलणं बरं.

आणि टायर आतल्या कडेनंच घासला असेल तर नवा बसवायच्या आधी अलाइनमेंट तपासा. नाहीतर नवाही तसाच जाईल आणि नाव तुमचं खराब होईल.

प्रश्न ५: टायर कधी बनलाय?

टायरच्या बाजूवर डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात. १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी तुम्हीच दाखवा. आयएसआयचा शिक्काही दाखवा, कारच्या टायरला तो सक्तीचा आहे. ही दोन मिनिटं तुम्हाला मोबाइलवरच्या भावापेक्षा पुढं नेतात.

यातच तुमचा स्टॉकचा धडाही आहे. १२ जून २०२० पासून सरकारनं परदेशी टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्यामुळं मोठे, वेगळे आकार मिळायला वेळ लागू शकतो. म्हणून काही जण १८ इंचाचे दोन-तीन सेट भरून ठेवतात. असं करू नका. एका सेटमध्ये साठ हजार अडकतात, गोदामात उन्हाची धग लागते आणि तारीख जुनी होत जाते. वितरकाचा फोन नंबर हाच तुमचा स्टॉक. ॲडव्हान्स घ्या, तारीख ठरवून द्या आणि ती पाळा.

प्रश्न ६: आपल्याकडं बसवायची सोय आहे का?

हा प्रश्न स्वतःला विचारा. पातळ बाजूच्या टायरला मदतनीस हात असलेलं मशीन लागतं, नाहीतर रिमला ओरखडा येतो आणि सगळा नफा त्या रिममध्ये जातो. हवेचा सेन्सर वॉल्व्हपाशी असतो, तो तुटता कामा नये. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे. नट गननं करकचून आवळायचे नाहीत, टॉर्क पान्यानं ठरलेल्या मापानं आवळायचे. सोय नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याच्याशी बोलून ठेवा.

आता भाव सांगा

तीनच पर्याय द्या: तुमची शिफारस, एक तिच्या वरचा, एक खालचा. प्रत्येकाला एका वाक्यात कारण द्या. टायर, बसवणी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, वॉल्व्ह सगळं धरून एकच आकडा कागदावर लिहा. जीएसटीही मोकळेपणानं सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. १०,००० मूळ किमतीचा टायर आधी १२,८०० ला पडायचा, आता ११,८०० ला.

गाडी सोडताना दोन गैरसमज काढा. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची" हे चूक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि फुटण्याचा धोका वाढतो. दाब स्टिकरप्रमाणं, सकाळी टायर थंड असताना. दुसरं, नायट्रोजन म्हणजे जादू नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, पण दाब तपासणं सुटत नाही.

"नाही" म्हणायची हिंमत

बाजूला फुगा आलेला टायर "चालवून घ्या" म्हणणारं, सेकंड हँड दोन टायर मागणारं, कमी लोडचा टायर लावून द्या म्हणणारं गिऱ्हाईक येणारच. तिथं हात जोडून सांगा, "साहेब, हे मी माझ्या घरच्या गाडीला लावणार नाही, तुमच्याही नाही." त्या दिवशी एक विक्री जाईल. पण नांदेड असो की लातूर, आपली शहरं अजून एवढी मोठी नाहीत की कोण खरं बोलतो हे लपून राहील. साठ-सत्तर हजाराचा सेट घेणारा माणूस पुढच्या वेळी आधी तुम्हालाच फोन करतो, आणि मित्रालाही तुमचाच नंबर देतो.

आजचा गृहपाठ

१. हे सहा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून काउंटरमागं लावा. कामगारालाही पाठ पाहिजेत.

२. एक वही करा: गाडी, आकार, लोड-स्पीड कोड, बसवल्याची तारीख, किलोमीटर. दर ८-१० हजार किलोमीटरला फोन करून चाकं अदलाबदल आणि अलाइनमेंटसाठी बोलवा. पुढचा-मागचा आकार वेगळा असेल तर फक्त तपासणीला.

३. या आठवड्यात येणाऱ्या पहिल्या पाच कार गिऱ्हाइकांना भाव सांगायच्या आधी प्रश्न विचारा. गाडी अल्टो असली तरी. काय फरक पडला ते व्हिडिओखाली लिहा, पुढच्या भागात त्यावर बोलू.

भेटू या. धंदा जपा, माणूस जपा.