काचेतील लहानसे तळे

आमच्या कोकणीत मासळीला 'नुस्तें' म्हणतात आणि हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे ताट उभे राहते. पांढुर्णा, सौंसर येथील काही घरांत मात्र मासा काचेच्या पेटीत नांदतो. दोन लाल, दोन निळे असे मासे हौसेने आणले जातात आणि महिन्याभरात पेटी ओस पडते. हा दोष नशिबाचा नसून बहुधा निवडीचा असतो. मासा रंगावरून नव्हे, तर आपले पाणी आणि आपला उन्हाळा पाहून निवडावा.

प्रथम पाण्याचा विचार करू. पांढुर्ण्याकडील काळा पाषाण आणि भूगर्भशास्त्रात सौंसरच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांतील संगमरवर यांतून कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. म्हणून विहिरीचे पाणी पुष्कळदा दुष्फेन, म्हणजे साबणाला सहज फेस न येणारे, असते.

आता उन्हाळा. 20 अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांना तो सुमारे 7.5 मिलिग्रॅमवर येतो. उलट, पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. अशात रात्री वीज जाऊन हवेचा पंप थांबला, तर दाटीने ठेवलेले मासे गुदमरतात.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रा दिसावयास मनोहर. परंतु तो मूळचा मृदू व सावलीतल्या पाण्याचा रहिवासी. त्यापेक्षा आपल्या देशातील झेब्रा मासा बरा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील ग्रंथात 1822 साली त्याचे वर्णन केले. भारत, नेपाळ व बांगलादेश येथील ओढे आणि भातखाचरे हे त्याचे घर. लांबी जेमतेम 4 सेंटिमीटर, अंगावर निळे पट्टे. तपमानातील मोठा फरक तो सोसतो. त्याचा गर्भ पारदर्शक असल्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा अभ्यास चालतो.

हा मासा थव्याने राहणारा आहे. थव्यात शत्रूला एकावर नेम धरता येत नाही. एकटा वा दुकटा ठेवला, तर तो भितो किंवा सोबत्याचा सतत पाठलाग करतो. म्हणून सहांहून कमी ठेवू नयेत. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 30 उंच अशा पेटीत 54 लिटर पाणी मावते; तीत एकाच जातीचे आठ मासे पुरेत. झेब्रा मासा उडी मारतो. तेव्हा जाळीचे झाकण हवेच.

वनस्पतींत हायड्रिला व फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया निवडावी. दुष्फेन पाण्यातील बायकार्बोनेटपासूनही या दोघी कार्बन घेऊ शकतात. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात बुडबुडे सोडणारी हायड्रिला तुम्ही पाहिलीच असेल. परंतु अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेतात, हे विसरू नये.

माशांच्या मलातून अमोनिया हे विष निर्माण होते. सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. हे जीवाणू वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सारे मासे एकदम सोडू नयेत. दर आठवड्यास पंचमांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच घालावे. अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

शेवटी एक कळकळीची सूचना. पेटीतले मासे व वनस्पती नको झाल्या, तरी जाम अथवा कन्हान नदीत कधीही टाकू नयेत. हौशी लोकांनी सोडलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. जामचे पाणी कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला आणि पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते. तेव्हा नको असलेला मासा दुसऱ्या हौशी सोबत्यास द्यावा. पेटी आपली आहे. नदी सर्वांची आहे.