आश्वासन ऐकताना काय विचारावं?

प्रश्न : निवडणूक आली की प्रत्येक उमेदवार आश्वासनांची खैरात करतो आणि वर्तमानपत्रं ती जशीच्या तशी छापतात. आम्ही मतदारांनी यातलं खरं काय मानायचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आश्वासन कानावर पडलं की आधी विचारावं, हे काम या माणसाच्या अखत्यारीत आहे का? नगरपालिकेला उभा असलेला उमेदवार हमीभावाची भाषा करू लागला तर ते सोडून द्यावं; हमीभाव केंद्र सरकार ठरवतं. त्याला नळाचं पाणी, गटारं आणि कचऱ्याबद्दल विचारावं.

मग पैशाचा हिशेब. तो घरबसल्या मांडता येतो. 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना 1,500 रुपये सुरू झाले होते. प्रचारात महायुतीने 2,100 देऊ म्हटलं, महाविकास आघाडीने 3,000. लाभार्थी दोन कोटींच्या वर होत्या. नुसत्या दोन कोटी धरल्या तरी पहिल्या आश्वासनाचा वाढीव बोजा वर्षाला 14,400 कोटी होतो, दुसऱ्याचा 36,000 कोटी. बायकांच्या हाती पैसा जावा की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण ही रक्कम कुठून आणणार, हे दोन्ही बाजूंना तितक्याच जोरात विचारायला हवं होतं. जाहीरनाम्यातल्या आश्वासनासाठी पैशाची तजवीज कशी करणार ते सांगावं, असं आदर्श आचारसंहितेतच म्हटलेलं आहे. तेव्हा सभेत हा प्रश्न विचारायला अजिबात कचरू नका.

वर्तमानपत्रांबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या दैनिकांत एकाच नेत्याचं गुणगान करणारा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त तो उजेडात आणला. पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापणं ही वाचकाची फसवणूक आहे, त्याला दुसरं नाव नाही. एखाद्या बातमीत उमेदवाराला एकही अडचणीचा प्रश्न नसेल, विरोधकाचं एक वाक्य नसेल, तर ती जाहिरात समजूनच वाचावी. ‘अमुक तमुकवर बरसले’ एवढ्यावर थांबणाऱ्या बातमीचाही मतदाराला काडीचा उपयोग नाही. बरसताना केलेला दावा खरा होता का, हे तपासून लिहिणं बातमीदाराचं कामच आहे.

दारात आलेलं पत्रक उलटून तळाची बारीक अक्षरं पाहा. मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल, तर त्यातल्या आरोपाची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नाही असं समजा आणि ते निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या.

आणि भाषणांपेक्षा शपथपत्र वाचा. उमेदवाराची व जोडीदाराची मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात असतं. गेल्या वेळचं आणि या वेळचं शेजारी ठेवलंत तर पाच वर्षांत काय वाढलं तेही दिसेल. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. मतदानाआधी एक संध्याकाळ त्यासाठी काढा, आणि घरातल्या पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलामुलींनाही शेजारी बसवा.