पाखरांचे दाणापाणी कुठे ठेवावे?

चैत्र लागला की ओढे आटतात. पाणवठे कोरडे पडतात. शेतातही वेचायला फारसा दाणा उरत नाही. अशा दिवसांत पुष्कळ घरांपुढे पाखरांसाठी पाण्याचे परळ ठेवलेले दिसते. ही फार चांगली चाल आहे. पण परळ ठेवण्याची जागा कोणी नीट बघत नाही. हाताला येईल तिथे ते टेकवतात. मग पाखरे येतच नाहीत. नाही तर येतात आणि मांजराच्या तोंडी जातात. म्हणून या पाठात आपण जागेचाच विचार करू.

आधी पाखराच्या नजरेने आपले अंगण बघा. चिमणी एकदम दाण्यावर उतरत नाही. ती अगोदर जवळच्या फांदीवर नाही तर कुडावर बसते. मान इकडे तिकडे करते. मांजर कुठे आहे, शिक्रा कुठे बसला आहे, हे पाहते. मग खाली येते, चार दाणे टिपते आणि भुर्रकन पुन्हा फांदीवर जाते. तेव्हा दाणापाण्याच्या आसपास पाखराला बसायला आणि पळून लपायला झाड हवे. अगदी उघड्या जागेवर उतरायला ते भिते.

पण झाड फार जवळही नको. मांजर लांबून धावत येऊन शिकार करत नाही. ते झुडपामागे दबा धरते आणि जवळून झेप घेते. झुडूप आणि परळ यांच्यामध्ये १०-१२ फूट जागा मोकळी ठेवली, की मांजर उघडे पडते आणि पाखराला उडायला सवड मिळते. खाली बुंधा मोकळा आणि वर फांद्या, असे झाड उत्तम. बाभूळ, बोर ही काटेरी झाडे असली तर फारच बरे. शेवगाही चालतो.

आमच्या आळीतल्या एका मावशींनी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर परळ ठेवले होते. जागा पवित्र, सावलीही चांगली. पण कट्टा २ फूट उंच आणि मागे लगेच मेंदीचे दाट कुंपण. पाच-सहा दिवसांत तिथे चिमणीची पिसे पडलेली दिसली. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पुण्य करायला गेले आन् पाप पदरात पडलं!" पाप-पुण्याचा हिशेब आम्हाला येत नाही. मांजराची उडी मात्र मोजता येते. ते बसल्या जागेवरून ४-५ फूट उंच सहज उडते. आम्ही मावशींना परळ शिंक्यात घालून शेवग्याला ६ फुटांवर टांगायला सांगितले. इतक्या उंचीवर पाणी घालायला आपला हातही पोचतो. टांगताना एक ध्यानात ठेवा. बुंध्याजवळ टांगू नका, मांजर झाडावर चढते. फांदीच्या टोकाकडे तारेने टांगा. दाण्याला मुंग्या लागत असतील, तर नारळाच्या करवंटीला मधोमध भोक पाडून त्यातून तार ओवा. भोक मेणाने बुजवा आणि करवंटीत पाणी भरा. मुंग्या पुढे जात नाहीत. तारेला तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये. ते पिसांना चिकटते आणि पाखराला उडता येत नाही.

आता उन्हाचे बघा. वैशाखात दुपारचे ऊन पश्चिमेकडून येते. घराच्या पश्चिमेला ठेवलेले पाणी तापून जाते. पूर्वेच्या भिंतीला दुपारनंतर सावली असते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा-पाऊसही बहुतेक पश्चिमेचाच. भिजलेल्या दाण्याला बुरशी येते आणि तो खाऊन पाखरे आजारी पडतात. म्हणून घराची पूर्व बाजू दोन्ही ऋतूंत बरी पडते. परळ मातीचे आणि पसरट असावे. पाणी दोन बोटे खोल पुरे. मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. पाणी रोज बदलावे आणि परळ घासावे. पाणी आठवडाभर तसेच राहिले तर त्यात डास तयार होतात.

सर्वांत मोठी काळजी माणसांचीच घ्यायची आहे. सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात. उंदरांच्या मागे नाग येतो, घोणस येते. उन्हाळ्यात आपण ओट्यावर, अंगणात निजतो. म्हणून निजायच्या जागेपासून दाण्याची जागा निदान २० पावले लांब असावी. संध्याकाळपर्यंत संपेल एवढाच दाणा घालावा आणि दिवेलागणीच्या आत खालची जागा झाडून घ्यावी. मूठभर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी पुष्कळ झाली. काही लोक पायलीभर ओततात आणि मोठे दान केले म्हणतात. ते दान उंदरांना होते.

पेरणीचे उरलेले बियाणे कधीही घालू नये. त्याला औषध चोळलेले असते. पुष्कळदा त्याचा लाल किंवा गुलाबी रंग दिसतो. ते खाऊन पाखरे मरतात. मुलांच्या हाती लागले तर त्यांनाही बाधते.

घरी कोंबड्या असतील तर खुराडे दूर हवे. रानपाखरांचे रोग कोंबड्यांना लागू शकतात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा लाखांवर कोंबड्या माराव्या लागल्या. पिण्याच्या पाण्याचा रांजण आणि वाळत घातलेले धान्यही दाण्याच्या जागेखाली नको.

पूर्वी ओसरीत, माजघरात ज्वारीची कणसे टांगत. चिमण्या घरात येत, आढ्यावर बसत. आता घरोघरी विजेचे पंखे आहेत आणि फिरत्या पंख्यात चिमण्या सापडतात. तेव्हा कणसे बाहेर वळचणीला बांधावी. घराला काचेच्या खिडक्या असतील तर आणखी सांभाळा. काचेत झाड आणि आभाळ दिसते, ते पाखराला खरे वाटते. भिऊन उडाले की ते काचेवर आपटते. दाणा खिडकीला लागून २-३ फुटांत ठेवला तर त्याला वेग येत नाही. नाही तर ३० फुटांहून लांब ठेवावा.

जागा ठरली की ती रोज बदलू नका. नव्या जागेवर पाखरे लगेच येत नाहीत, आठ-पंधरा दिवसही लागतात. आधी बहुधा कावळा येतो, मग साळुंकी, होला. चिमण्या मागाहून येतात. तोवर सकाळी दूर बसून बघा. मांजर कुठून येते ते कळले, की परळ दोन हात इकडे-तिकडे सरकवता येते.