फोडांचा आनुवंशिक त्वचारोग : दोष कोणाचा?

न्हाऊमाखू घातलेल्या बाळाचे अंग पुसताना त्याची त्वचा सुटून येते, दुपट्याची गाठ घासली तेथे पाण्याने भरलेले फोड उठतात, असे ज्या घरात घडते तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो 'हे कोणाकडून आले?' हा. कोणी सुनेने ग्रहण पाळले नाही असा ठपका ठेवतो, कोणी देवीच्या कोपाचे नाव घेतो. शेजारी तर संसर्गाच्या भीतीने मूल उचलून घेत नाहीत. यांपैकी एकाही समजुतीला आधार नाही. वैद्यकात 'एपिडर्मोलिसिस बुलोसा' या नावाने ओळखला जाणारा हा विकार स्पर्शाने पसरत नाही. तो जनुकातील बिघाडामुळे होतो.

आपल्या त्वचेची बाह्यत्वचा ही खालच्या अंतस्त्वचेला अनेक प्रथिनांनी सांधलेली असते. बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशींना केराटिन हे प्रथिन बळकटी देते; ते सदोष झाले की पेशीच फाटतात. हा प्रकार बहुधा सौम्य असतो. सातव्या प्रकारचे कोलॅजेन हे प्रथिन दोन थरांना दाव्यासारखे बांधून ठेवते. त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. ते पूर्णपणे निकामी झाल्यास जखमा व्रण ठेवून भरतात आणि हातापायांची बोटे एकमेकांना जुळू लागतात.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडील व एक वडिलांकडील. प्रभावी प्रकारात एक सदोष प्रतही रोगास पुरेशी होते. तेव्हा रोगी पित्याच्या किंवा मातेच्या प्रत्येक अपत्याला निम्मा धोका असतो. अप्रभावी प्रकारात दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. आईवडील स्वतः निरोगी, परंतु दोघेही वाहक असतात, आणि प्रत्येक गर्भारपणी रोगाचा संभव चारात एक असतो. 'एक मूल असे झाले, आता पुढची तीन चांगली होतील' असा अर्थ पुष्कळजण काढतात. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासा नव्यानेच पडतो.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. निरोगी दांपत्याला रोगी मूल झाले म्हणजे ते दोघे वाहकच असतील असे नाही. कधी कधी प्रभावी प्रकारचा बिघाड त्या मुलातच प्रथम उद्भवतो. अशा वेळी पुढील भावंडांना धोका अत्यल्प, पण त्या मुलाच्या स्वतःच्या अपत्यांना निम्मा असतो. बाहेरून दोन्ही घरांची कहाणी एकच दिसते. त्यांतील फरक मुलाच्या व आईवडिलांच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीतूनच स्पष्ट होतो. म्हणून दुसऱ्या अपत्याचा विचार करण्यापूर्वीच ती करून घ्यावी. सदोष जनुक ठाऊक असल्यास गर्भाची तपासणीही शक्य होते.

आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची चाल आहे. आजोबांकडील एकच सदोष प्रत मुलगा व मुलगी अशा दोन वाटांनी खाली येते आणि नातवंडांच्या विवाहात पुन्हा एकत्र येऊ शकते. अप्रभावी प्रकाराचा धोका त्यामुळे वाढतो. प्रभावी प्रकाराशी मात्र या नात्याचा संबंध नाही. वाहक असणे हा काही कोणाचा अपराध नव्हे, आणि अप्रभावी प्रकारात तर निम्मा वाटा पित्याचा असतोच. सासरच्या मंडळींना हे कोणीतरी सांगावयास हवे!

उपचारांच्या बाबतीत अलीकडे आशादायक घटना घडल्या आहेत. जर्मनीत बोखुम येथे २०१५ साली एका सात वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच पेशींपासून नव्याने घडविण्यात आली. कोलॅजेनचे निर्दोष जनुक जखमेत पोचविणाऱ्या मलमाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. मात्र असे उपचार त्वचेपुरतेच असतात. पुढील पिढीकडे जाणारे जनुक त्यांनी बदलत नाही.

तोवर भिस्त शुश्रूषेवर. अशा बाळाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली व दुसरा कुल्ल्यांखाली घ्यावा. अंगाला चिकटपट्टी लावू नये, कारण ती काढताना त्वचाच निघून येते. फोड मोठा होऊ लागल्यास डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे निर्जंतुक सुईने त्यातील पाणी काढावे. वरचे कातडे मात्र तसेच राहू द्यावे. खालच्या जखमेला तेच पांघरूण असते.