शपथेवरचे 'वाटते'

जबलपूरहून गोंदियाकडे जाणारी रेल्वे ग्वारीघाट स्थानकानंतर नर्मदा ओलांडते. या मार्गाची दोन्ही टोके बिडीसाठी प्रसिद्ध आहेत. आसपासच्या जंगलातील तेंदूची पाने आणि घरोघरी बिड्या वळणारे हात यांवर हा व्यवसाय वाढला. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर आरोग्याचा इशारा सक्तीचा झाला. बिडीचे बंडल मात्र त्यातून सुटले. ग्वारीघाटावर बिडी ओढत बसणाऱ्याच्या हाती धोक्याची सूचनाच पडत नव्हती. तंबाखू विकणाऱ्यांना हा धोका ठाऊक असतो काय? हा प्रश्न अमेरिकेत प्रत्यक्ष शपथेवर विचारला गेला.

१४ एप्रिल १९९४ रोजी तेथील संसदेच्या एका उपसमितीपुढे सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी उजवा हात उंचावून खरे बोलण्याची शपथ घेतली. निकोटिनचे व्यसन लागते काय, या प्रश्नाला सातही जणांनी नकारार्थी उत्तर दिले. बहुतेकांनी त्याला 'असे मला वाटते' ही जोड दिली.

येथे आपण क्रियापदाकडे लक्ष द्यावे. 'निकोटिन व्यसन लावत नाही' हे विधान आहे. ते पुराव्याने खोटे ठरवता येते. 'तसे मला वाटते' हे मत आहे. कोणाला मनातून काय वाटत होते, हे न्यायालयात सिद्ध करणे फार कठीण. पुढे खोट्या साक्षीसंबंधी सरकारी चौकशी झाली, पण सातांपैकी एकावरही त्याबद्दल खटला भरला गेला नाही. हे शब्द अगोदर तोलूनमापून निवडले असावेत, अशी शंका येते.

त्याच वर्षी ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. निकोटिन व्यसन लावते आणि आपण तेच विकतो, असे कंपनीच्या वकिलाने १९६३ मध्येच लिहून ठेवले होते. कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असा निकाल न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ मध्ये दिला. अपिलांत आणखी अकरा वर्षे गेली. अखेर नोव्हेंबर २०१७ पासून कंपन्यांना वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर स्वखर्चाने जाहीर करावे लागले, की धूम्रपानाने कर्करोग होतो आणि निकोटिनचे व्यसन लागते. त्यात 'वाटते' हा शब्द नव्हता.

भारतात मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या कायद्याच्या कक्षेत बिडीही आली. ३१ मे २००९ पासून तिच्या बंडलावर चित्रमय इशारा सक्तीचा झाला. चित्र असल्याने अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळतो.