रेशो वाढलाय, आता काय?

प्रश्न : वडिलांना जिभेचा कर्करोग आहे. सीबीसीत न्यूट्रोफिल ७२ आणि लिम्फोसाइट १८ टक्के आलेत. रेशो वाढलाय म्हणतात. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर : ७२ भागिले १८ म्हणजे ४. उपचारांपूर्वी हे गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णांचे निकाल सरासरीने कमी चांगले दिसतात, हे खरं. पण किडलेल्या दाढेतला पू, जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइडनंही ते वाढतं. एवढ्यावरून वडिलांचं भवितव्य ठरत नाही. गाठीची खोली, मानेतल्या गाठी आणि बायोप्सीचा अहवाल जास्त महत्त्वाचे. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन मात्र जरूर विचारा. रक्त कमी असेल तर गाठीला ऑक्सिजन कमी पोचतो आणि रेडिएशनचा परिणाम घटतो. तंबाखू आजच सोडायला लावा. मऊ वरणभात, अंडी, दूध द्या. रेडिएशनआधी दात तपासून घ्या. उपचार वेळेवर पूर्ण होणं सर्वांत मोलाचं.